शिंपी की राखी वटवट्या?

गॅलरीतल्या जास्वंदीत शेपूट उभारून एक चिमुकला पक्षी कलकलाट करतोय. शिंपीच असणार, असं ठरवून मीही कित्येक वर्षं मोकळा व्हायचो. पण राखी वटवट्याही शेपूट उभारतो, आणि दोघेही शेपटीसकट जेमतेम १३ सेंमी. म्हणून पहिली गोष्ट: शेपटीवरून निकाल देऊ नका.

आधी तांबूस रंग कुठे आहे ते बघा, वर की खाली. शिंप्याच्या कपाळावर तांबूस टोपी, पाठ शेवाळी हिरवी, पोट मळकट पांढरं. वटवट्याची पाठ राखाडी आणि तांबूस-बदामी छटा पोटाकडे. निम्म्याहून जास्त वेळा काम इथेच होतं.

पक्षी पानांआड असेल तर चोच शोधा. शिंप्याची लांब, टोकाशी किंचित वाकलेली. वटवट्याची आखूड आणि काळी. त्याच्या शेपटीच्या पिसांना टोकाशी काळे ठिपके आणि पांढरी किनार असते, पण ती खालून बघायला मिळाली तर!

मग कान लावा. शिंपी 'टुविट्-टुविट्-टुविट्' असा एकाच ठेक्यात, अंगाच्या मानाने फारच मोठ्याने ओरडतो. तेव्हा मान ताणली जाते आणि गळ्याच्या दोन्ही बाजूंना काळे डाग उघडे पडतात. एरवी ते लपलेले असतात. वटवट्याचा आवाज बारीक, चिरका. तो दचकून उडाला की मात्र ठिणग्या उडाव्यात तशी चटचट ऐकू येते. ती एकदा ऐकलीत की दुर्बिणीची गरज नाही.

जागेचा थोडाच उपयोग. गवत, झुडपं, उसाचा बांध म्हटलं की वटवट्या आधी आठवावा, पण बागेत दोघेही येतात.

घरट्यावरून तर मुळीच ओळखू नका. पानं शिवणं ही एकट्या शिंप्याची मक्तेदारी नाही, वटवट्याही शिवतो. अंडी मात्र वेगळी: वटवट्याची चकचकीत, विटकरी लाल. ती बघायला पावसाळ्यात पानं वाकवू नका, जोडी घरटं सोडून जाऊ शकते.

पिल्लं उडून गेल्यावर ते पान गळून पडलं, की उचलून बघा. काठाला सुईने पाडल्यासारखी भोकं, त्यातून ओवलेला कापसाचा किंवा कोळिष्टकाचा तंतू आणि बाहेर त्याचा फुगलेला पुंजका. सलग धागा नसतोच. प्रत्येक टाका सुटा.