रेल्वेमुळे वसलेल्या छोट्या अमेरिकी गावाचा इतिहास कसा शोधावा

अमेरिकेच्या ग्रामीण भागात रेल्वेमुळे वसलेल्या गावाचा इतिहास लिहायला घेणारे बहुतेक जण गावातल्या वृद्धांच्या आठवणींपासून सुरुवात करतात. माझ्या मते हा क्रम उलटा आहे. गाडी नेमकी तिथेच का थांबत असे, हे आधी शोधावे. वाफेच्या इंजिनाला ठरावीक अंतरावर पाणी लागे, एकेरी मार्गावर समोरच्या गाडीला वाट देण्यासाठी साइडिंग, म्हणजे बाजूचा जोडरूळ, लागे, आणि शेतकऱ्याला धान्य उतरवून त्याच दिवशी घरी परतता येईल इतक्या अंतरावर माल चढवण्याची सोय लागे. यांपैकी कोणत्या गरजेपोटी थांबा झाला, त्यावर गाव किती वाढणार आणि केव्हा ओसरणार हे बरेचसे ठरून जाई. गावाच्या नावामागे मात्र दर वेळी कहाणी असतेच असे नाही. नेब्रास्कात बर्लिंग्टन रेल्वेमार्गावर डॉर्चेस्टर, एक्सेटर, फेअरमाँट, ग्राफ्टन, हार्वर्ड अशी गावे इंग्रजी वर्णानुक्रमाने येतात.

थांब्याचे कारण शोधण्यासाठी सर्वांत उपयुक्त साधन म्हणजे व्हॅल्युएशन नकाशे. 1913च्या कायद्याने आंतरराज्य वाणिज्य आयोगावर देशातल्या रेल्वे कंपन्यांच्या मालमत्तेचे मूल्यांकन करण्याची जबाबदारी आली, आणि त्यासाठी तयार झालेल्या नकाशांचा मोठा संग्रह मेरिलँडमधील कॉलेज पार्क येथील राष्ट्रीय अभिलेखागारात आहे. स्थानक, पाण्याची टाकी, गुरांचा कोंडवाडा, रूळ सांभाळणाऱ्या कामगारांचे घर हे सारे त्यांवर मोजमापासह दिसते. रेल्वेच्या जमिनीच्या तुकड्यांना क्रमांक असतात आणि सोबतच्या तक्त्यात ती जमीन कोणी, केव्हा दिली याची नोंद असते. ती नोंद घेऊन काउंटीच्या (आपल्या जिल्ह्यासारख्या विभागाच्या) नोंदणी कार्यालयात जावे आणि मूळ खरेदीखत काढून पाहावे.

माणसांसाठी जनगणनेकडे वळावे. येथे एक मोठा खड्डा आहे: 1890च्या जनगणनेचे बहुतेक कागद 1921मध्ये वॉशिंग्टनला लागलेल्या आगीमुळे गेले, त्यामुळे 1880 ते 1900 या काळात वसलेल्या गावांचे पहिले रहिवासी अन्यत्र शोधावे लागतात. पोस्टमास्तरांच्या नेमणुकांच्या नोंदी येथे कामी येतात, मात्र टपाल कार्यालयाचे नाव आणि स्थानकाचे नाव वेगळे असू शकते हे ध्यानात ठेवावे. उपलब्ध जनगणनेत केवळ नावाने शोध घेऊ नये. गावाची सगळी पाने ओळीने वाचावीत. परदेशातून आलेल्या मजुरांची नावे गणनाकाराने कानाला ऐकू आली तशी लिहिलेली असतात, आणि जुन्या मालडब्यांत राहून रूळ दुरुस्त करणारी मेक्सिकन, ग्रीक किंवा जपानी माणसे पुढच्या जनगणनेत तिथे नसतातही. गावाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकांत व्यापारी आणि पाद्री भरपूर सापडतात, हे मजूर क्वचितच. म्हणून त्यांच्यावर अधिक वेळ द्यावा.

काउंटीच्या मुख्य गावातून निघणाऱ्या साप्ताहिकात आसपासच्या खेड्यांच्या बातम्यांचे सदर असे. त्यात कोण कोणत्या गाडीने आले-गेले हेही छापले जाई. जुन्या अंकांतल्या वेळा मात्र जपून वापराव्यात, कारण 18 नोव्हेंबर 1883 रोजी रेल्वे कंपन्यांनी प्रमाणवेळ स्वीकारेपर्यंत गावाचे घड्याळ आणि गाडीचे घड्याळ जुळतच असे नाही.

गावाच्या उतरणीची तारीख सांगताना अंदाज करू नये. 1920च्या कायद्यानंतर रेल्वेमार्ग बंद करण्यासाठी आंतरराज्य वाणिज्य आयोगाची परवानगी आवश्यक झाली, आणि अशा प्रकरणांच्या कागदपत्रांत वर्षभरात किती डबे माल चढला-उतरला याचे आकडे, तसेच बंद करण्यास विरोध झाला असल्यास शेतकऱ्यांच्या आणि धान्य व्यापाऱ्यांच्या साक्षी सापडू शकतात.

वृद्धांना भेटायचे ते यानंतर, नकाशा हातात घेऊन, आणि स्थानकाची इमारत कुठे गेली हे आवर्जून विचारावे. अनेक लाकडी स्थानके विकली गेली आणि उचलून शेतावर नेली गेली. एखाद्या गोदामाच्या भिंतीतून तीन बाजूंनी काचा असलेली खिडकी पुढे आलेली दिसली, तर तिथे बहुधा तारमास्तर बसत असे; दोन्ही दिशांचे रूळ त्याला जागेवरूनच दिसावेत म्हणून ती तशी बांधलेली असते.