सहकाऱ्यांचा गौरव करताना आधी त्यांच्या कामाबद्दल विचारा

मी अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या शार्लट शहरात, एका बँकेच्या कर्जविभागात आहे. फेब्रुवारीतल्या ब्लॅक हिस्टरी मंथच्या, म्हणजे कृष्णवर्णीयांचा इतिहास आणि कामगिरी आठवण्याच्या महिन्याच्या, कार्यक्रमाची आखणी माझ्याकडे असते. तुमच्या ऑफिसात ही जबाबदारी तुमच्यावर आली, तर हॉल आणि केकच्या आधी माणसांशी बोला, तेही डिसेंबरातच.

टीममध्ये एकच कृष्णवर्णीय सहकारी असेल तर ‘तुमचा सत्कार करू का?’ असं त्याला सगळ्यांदेखत विचारू नका. बिचाऱ्याला नाही म्हणता येणार नाही. आयोजनाचा भारही त्यांच्यावर नको. ज्यांचा सत्कार, त्यांनीच खुर्च्या मांडायच्या, हे मला अजिबात पटत नाही. कुणी हौसेने पुढे आलंच, तर ते तास कामाचे म्हणून धरले जावेत यासाठी त्यांच्या मॅनेजरशी तुम्ही स्वतः बोला.

ज्यांचा सत्कार करायचा, त्यांच्या मुलाखतीला निवांत तासभर ठेवा. ‘किती त्रास झाला?’ इथून सुरुवात केली की माणूस त्या त्रासापुरताच उरतो. मी विचारते: पहिल्या दिवशी कुठल्या काउंटरवर बसलात? पहिली बढती कुणाच्या शिफारशीने मिळाली? कुठला निर्णय तुमचा होता आणि बरोबर ठरला? त्रासाचं सांगायचं असेल तर ते आपणहून सांगतात, आणि तेव्हा मध्ये न बोलता ऐकायचं.

आमच्याकडच्या एक बाई काउंटरवर रोखपाल म्हणून लागल्या, आज लहान व्यवसायांची कर्जं मंजूर करतात. ताळेबंद वाचायला कुणी शिकवलं, एवढंच मी विचारलं. संध्याकाळी थांबून जुन्या कर्जफायली उलगडून दाखवणाऱ्या एका वरिष्ठांबद्दल त्या भरभरून बोलल्या. कागदावर नफा, पण हातात रोकड नाही, असा धंदा कसा ओळखायचा, हेही बाईंनी सांगितलं. नव्या मुलांनी वह्या काढल्या त्या इथे. म्हणून फक्त मोठ्या पदांवरची माणसं निवडू नका. वर्षानुवर्षं शाखा सांभाळणाऱ्यांकडे सांगण्यासारखं खूप असतं.

लिहिलेला मजकूर आणि फोटो त्यांना दाखवल्याशिवाय कुठेही लावू नका.

भिंतीवर इतिहास लावायचा तर तो बँकिंगचाच लावा. गुलामीतून सुटलेल्यांसाठी १८६५ मध्ये निघालेली फ्रीडमन्स सेव्हिंग्ज बँक १८७४ मध्ये बंद पडली आणि हजारो ठेवीदारांची कष्टाची पुंजी अडकली. तरीही १९०३ मध्ये व्हर्जिनियातल्या रिचमंडला मॅगी लीना वॉकर या कृष्णवर्णीय बाईंनी सेंट ल्यूक पेनी सेव्हिंग्ज बँक उभी केली. आमच्याच राज्यात, डरहॅमला, १९०८ मध्ये कृष्णवर्णीयांच्याच मेकॅनिक्स अँड फार्मर्स बँकेने दारं उघडली. अँड्र्यू ब्रिमर १९६६ मध्ये फेडरल रिझर्व्हच्या, म्हणजे अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेच्या, गव्हर्नर मंडळाचे पहिले कृष्णवर्णीय सदस्य झाले. १९३० च्या दशकातले नकाशेही लावा, ज्यांवर कृष्णवर्णीयांच्या वस्त्या लाल रंगवून कर्ज देण्यासाठी धोक्याच्या ठरवल्या गेल्या. गृहकर्ज नाकारणाऱ्यांत बँकाही होत्या. आपल्याच क्षेत्राचा हा भाग झाकला तर बाकीचं कौतुक पोकळ वाटतं.

विभागप्रमुखांना भाषणाला नको, ऐकायला बोलवा, आणि कोण आलं ते टिपून ठेवा. पुढे अंतर्गत जागा निघाल्या की त्यांनाच मेल टाका: अमुक सहकाऱ्याला अमुक कामात रस आहे, त्यांचा अनुभव असा आहे. मेल पाठवण्याआधी त्या सहकाऱ्याची परवानगी मात्र घ्या.