छोटा, चपटा, बिनवायरचा मेकॅनिकल कीबोर्ड घेताना

गेल्या दोन महिन्यांत तीन जणांनी मला एकच विचारलं, अगं तुझा तो चपटा कीबोर्ड कुठला, मी पण तोच मागवतो. तिघांनाही मी थांब म्हटलं. त्यातल्या एकाला दिवसभर एक्सेलमध्ये आकडे भरायचे असतात, नंबरपॅड नसलेला कीबोर्ड घेऊन तो काय कपाळ करणार. माझं काम वेगळं आहे, दिवसा मराठी मजकूर टाइप करणं आणि तपासणं, रात्री तास-दीड तास व्हॅलोरंट हा नेमबाजीचा गेम, घर म्हणजे डोंबिवलीतलं वन बीएचके आणि टेबल म्हणजे भिंतीला ठोकलेली फोल्डिंगची फळी ज्याच्यावर माऊसला पण जागा पाहिजे. म्हणून मला छोटा लागतो. तुम्हाला लागतो का ते आधी बघा.

त्यासाठी एक फुकटचा उपाय. आत्ता जो कीबोर्ड आहे त्याच्या शेजारी एक कागद ठेवा आणि एक पूर्ण दिवस, अक्षरं आणि वरची आकड्यांची ओळ सोडून बाकी जी की दाबाल तिच्यापुढे एक रेघ मारा. ॲरो, डिलीट, होम, एंड, एफ२, एफ५, प्रिंट स्क्रीन, नंबरपॅड, सगळं. संध्याकाळी कागद बघितला की साइजचा प्रश्न आपोआप सुटतो. माझ्या कागदावर ॲरोपुढे रेघांचं जंगल झालं होतं, होम-एंड बऱ्यापैकी, एफ२ आणि एफ७ थोडेफार, नंबरपॅडपुढे शून्य.

आता साइज. फुल साइजला साधारण १०४ कीज, नंबरपॅड कापला की ८७, त्याला टीकेएल म्हणतात. त्याहून आवळला की ७५ टक्के, म्हणजे ८४ च्या आसपास कीज, यात एफची ओळ पण असते आणि ॲरो पण असतात फक्त सगळे एकमेकांना चिकटून बसलेले, लोकलच्या चौथ्या सीटसारखे. ६५ टक्क्यात एफची ओळ जाते पण ॲरो राहतात. ६० टक्के म्हणजे ६१ कीज, ॲरो पण गायब, ते एफएन नावाची जोड-की धरून दुसऱ्या कीजमधून काढायचे. फोटोत ६० टक्केवाला सगळ्यात गोड दिसतो आणि लोक तिथेच फसतात.

मराठी टाइप करणाऱ्याने तर ६० च्या वाटेला जाऊच नये असं माझं मत आहे. अक्षरं येत नाहीत म्हणून नाही हं, इनस्क्रिप्टची, म्हणजे मराठीच्या प्रमाण कीबोर्ड लेआउटची, सगळी अक्षरं ६१ कीजमध्ये आरामात येतात. अडचण दुरुस्तीची आहे. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी बॅकस्पेस दाबलं की शेवटची मात्रा किंवा वेलांटी तेवढी जाते आणि डिलीट दाबलं की पुढचं अख्खं जोडाक्षर उडतं, म्हणजे वेलांटी ऱ्हस्वची दीर्घ करायची तर ॲरोने कर्सर बरोबर ते अक्षर संपतं तिथे नेऊन बॅकस्पेस मारावं लागतं. हे दिवसातून शे-दोनशे वेळा करायचं आणि प्रत्येक वेळी एफएन धरायचं? नको रे बाबा.

आणि ही पुढची गोष्ट कुठल्याच इंग्लिश रिव्ह्यूमध्ये सापडणार नाही कारण त्यांना तो त्रासच नाही. उजवीकडची शिफ्ट बघा. इनस्क्रिप्टमध्ये अ आ इ ई उ ऊ ए ऐ ओ औ हे सगळे स्वर डाव्या हाताला आहेत आणि सगळे शिफ्ट धरून येतात, म्हणजे नीट टायपिंग शिकलेला माणूस साधं 'आई' लिहायला पण उजव्या करंगळीने शिफ्ट धरतो. आता छोट्या कीबोर्डात ॲरो कोंबायला जागा कुठून काढतात, तर ह्याच उजव्या शिफ्टमधून. ६५ आणि ७५ मध्ये ती साधारण पावणेदोन कीजएवढी असते, तेवढी चालते, आठवड्यात सवय होते. पण काही ६४ कीजवाल्या मॉडेलात ती एका कीएवढीच असते आणि वर-ॲरो अगदी शेजारी, करंगळी जरा सरकली की कर्सर वरच्या ओळीत उडी मारतो आणि तुम्ही मान खाली घालून टाइप करत असाल तर 'आई' भलत्याच वाक्यात जाऊन बसते. फोटो झूम करून उजवी शिफ्ट बघायची, मगच पुढे जायचं. तसंच उजव्या टोकाच्या सेमीकोलन, ॲपॉस्ट्रॉफी, चौकोनी कंस आणि बॅकस्लॅश या कीज पूर्ण साइजच्या आहेत ना ते पण बघा, इंग्लिशवाल्याला त्या कधीतरी लागतात, आपल्याला तिथे च, ट, ड आणि ॉ असतात.

थोडक्यात टायपिंग आणि गेमिंग दोन्ही करायचं असेल तर ७५ टक्के. गेमिंगला खरं तर ६० पण चालतो, डावा हात डब्ल्यू-ए-एस-डी या चालायच्या कीज सोडून जातोच कुठे. आणि कीबोर्ड छोटा असला की माऊस हाताजवळ येतो, खांदा कमी ताणला जातो.

लो-प्रोफाइल, म्हणजे चपटा, का घ्यायचा हे पण एकदा समजून घ्या, नुसतं छान दिसतं म्हणून नको. मेकॅनिकलमध्ये प्रत्येक कीखाली स्वतःचं वेगळं स्विच असतं, उंची ठरते ती त्याच्यावर. चेरीचं नेहमीचं एमएक्स स्विच १८.५ मिमी उंच असतं आणि त्यांचंच लो-प्रोफाइल ११.९ मिमी. साध्यात की ४ मिमी खाली जाते आणि २ मिमीवर अक्षर उमटतं, लो-प्रोफाइल रेडमध्ये (रंगांचं पुढे सांगते) एकूण ३.२ आणि अक्षर १.२ वर. केल कंपनीच्या चॉक या चपट्या स्विचचं पहिलं व्हर्जन ३ आणि १.५. याचे दोन अर्थ. एक, मनगट वर उचलून धरावं लागत नाही, मला आता रिस्ट रेस्ट लागत नाही. दोन, बोट नुसतं टेकलं तरी अक्षर उमटतं, त्यामुळे पहिले चार दिवस तुम्ही भरपूर चुका करणार. माझा मामा टायपिंगच्या क्लासात गोदरेजच्या मशीनवर शिकलेला, तो माझ्या कीबोर्डवर बसला तर प्रत्येक की तळापर्यंत ठोकत होता, दहा मिनिटांत म्हणाला बोटांची टोकं दुखतात. अशा जोरदार हाताच्या लोकांनी साध्या उंचीचाच घ्यावा, खरंच.

स्विचचे रंग: रेड म्हणजे सरळ खाली जाणारं, मध्ये काहीच अडत नाही, गेमिंगवाले हेच घेतात. ब्राऊनमध्ये अक्षर उमटण्याच्या आसपास छोटासा टेंगूळ लागतो, बोटाला कळतं. ब्लू क्लिक वाजवतं. ब्लूबद्दल एवढंच सांगते की घरात दुसरं कोणी झोपत असेल तर विषय तिथेच संपला. मी ब्राऊन घेतला कारण लिखाण जास्त आणि गेम कमी, तुमचं उलटं असेल तर रेड. आणि ब्राऊनने गेम खेळता येत नाही वगैरे जे सांगतात त्यांच्याकडे फार लक्ष देऊ नका, आपण व्हॅलोरंटच्या गोल्ड रँकमध्ये अडकलोय ते टेंगळामुळे नाही.

आता वायरलेस, इथे सगळ्यात जास्त पैसे वाया जातात. डब्यावर नुसतं वायरलेस लिहिलेलं असतं पण त्यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत, ब्लूटूथ आणि २.४ गिगाहर्ट्झचा डोंगल, म्हणजे कॉम्प्युटरच्या यूएसबीत खोचायचा छोटा रिसीव्हर. ब्लूटूथ लो एनर्जीमध्ये कीबोर्ड आणि कॉम्प्युटर एकमेकांशी सहसा लवकरात लवकर ७.५ मिलिसेकंदांनी बोलतात, चांगल्या डोंगलवर सेकंदाला १००० वेळा, म्हणजे दर १ मिलिसेकंदाला. टायपिंगला हा फरक कोणालाही कळणार नाही. गेममध्ये कळतो, आणि त्याहून जास्त कळतं ते झोपेतून उठणं, बॅटरी वाचवायला कीबोर्ड थोड्या वेळाने झोपी जातो आणि ब्लूटूथवर उठेपर्यंत पहिली एक-दोन अक्षरं गिळतो. शिवाय ब्लूटूथ विंडोज चालू झाल्यावरच जोडलं जातं, बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधीच्या सेटिंगच्या स्क्रीनवर, जायचं असेल तर सहसा डोंगल नाहीतर वायरच लागते. म्हणून गेम खेळणार असाल तर डोंगल हवाच, फोन-टॅबला जोडायला ब्लूटूथ बोनस.

नावं नीट वाचा. कीक्रॉनचा के३ घ्या उदाहरणाला, लो-प्रोफाइल ७५ टक्क्यात खूप लोकांचा हाच पहिला असतो. साधा के३ आणि के३ प्रो हे ब्लूटूथ आणि वायरवर चालतात, डोंगल येतो तो के३ मॅक्सला. फोटोत तिघे भाऊ-भाऊ दिसतात आणि ऑफर लागलेली असते ती बहुतेक साध्यावर. नूफायच्या एअर ७५ व्ही२ ला डोंगल, ब्लूटूथ, वायर तिन्ही आहे. लॉजिटेकचा एमएक्स मेकॅनिकल मिनी पण छान चपटा आहे पण तो ऑफिसच्या कामासाठी बनवलाय, गेमिंगला त्यांची जी ९१५ टीकेएल लाइन. त्यात जुन्या जी ९१५ टीकेएलला चार्जिंगचं पोर्ट मायक्रो यूएसबी आहे आणि नंतर आलेल्या जी ९१५ एक्सला टाइप-सी, सेलमध्ये जुनाच स्वस्त दिसतो तेव्हा हे लक्षात असू द्या, मायक्रोची केबल आता घरात शोधावी लागते.

डोंगल घेतला आणि तरी अक्षरं अडखळतायत? कॉम्प्युटरच्या मागे, लोखंडी कॅबिनेटच्या पलीकडे, यूएसबी ३ च्या पोर्टला हार्ड डिस्कच्या शेजारी तो खुपसलेला असणार. यूएसबी ३ मधून २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातच गोंगाट बाहेर पडतो, इंटेलने स्वतः यावर २०१२ मध्ये पेपर काढला होता. यूएसबीची एक्स्टेंशन केबल घ्या आणि डोंगल टेबलावर कीबोर्डसमोर आणून ठेवा. बऱ्याच जणांचं एवढ्यानेच भागतं आणि ते मात्र कीबोर्ड परत पाठवून मोकळे झालेले असतात.

गेमिंगच्या जाहिरातीत अजून एक भानगड असते, ए आणि डी एकदम दाबल्यावर शेवटची दाबलेली तेवढी धरायची, असलं काहीतरी. काउंटर-स्ट्राइक २ खेळणाऱ्यांनी त्याच्यासाठी जास्तीचे पैसे देऊ नका, ऑगस्ट २०२४ पासून गेम बनवणाऱ्या व्हॅल्वने त्यांच्या सर्व्हरवर ते बंद केलंय, पकडला गेलात तर मॅचमधून बाहेर. त्यापेक्षा बऱ्याच कीज एकदम दाबल्या तर सगळ्या नोंदल्या जातात का ते बघा, शिफ्ट धरून डब्ल्यू आणि डी दाबत स्पेस आणि आर मारायचा, पाचही उमटले पाहिजेत.

हॉट-स्वॅप, म्हणजे सोल्डर न करता नुसतं खोचलेलं, काढता-बसवता येणारं स्विच. हा शब्द स्पेसिफिकेशनमध्ये नसेल तर मी तरी घेणार नाही. माझ्या आधीच्या कीबोर्डचा ट आठ महिन्यांनी डबल यायला लागला, 'टाइप' लिहिलं की 'टटाइप', मुंबईचा दमट पावसाळा म्हणा की धूळ म्हणा की माझं नशीब. स्विच सोल्डर केलेलं. सर्व्हिस सेंटरवाल्याने तो उलटा-पालटा केला आणि म्हणाला मॅडम पूर्ण बोर्ड बदलावा लागेल, म्हणजे एका अक्षरासाठी जवळपास नवा कीबोर्ड. हॉट-स्वॅपमध्ये तेच स्विच चिमट्याने उपटायचं, नवीन दाबून बसवायचं, दोन मिनिटं. फक्त दोन पथ्यं. लो-प्रोफाइलमध्ये सगळी स्विचेस सगळ्यात बसत नाहीत, गेटेरॉन, केल आणि चेरी प्रत्येक कंपनीची बैठक वेगळी, आणि ऑप्टिकल बोर्डात, जिथे दाबलेली की प्रकाशाने ओळखतात, साधं मेकॅनिकल स्विच चालत नाही. कुठली चालतात ते घेतानाच बघून चार-पाच जास्तीची मागवून ठेवा. दुसरं, उपटताना सरळ वर ओढा, तिरकं ओढलंत तर बसवताना पाय वाकतो.

कीकॅपचं पण तसंच, चॉकच्या पहिल्या व्हर्जनला दोन पायांचे कॅप लागतात, बाकीच्यांना अधिकच्या चिन्हासारखा दांडा. साधे उंच कॅप चपट्या स्विचवर लावायचा मोह होतो, पण बरेचदा ते खाली प्लेटला आपटतात. कॅपच्या प्लास्टिकात पीबीटी आणि एबीएस असे दोन प्रकार असतात, पीबीटीचे मिळाले तर तेच घ्या, एबीएस काही महिन्यांत बोटांच्या तेलाने चकाकायला लागतं. मराठी अक्षरांसाठी मी सुरुवातीला पारदर्शक स्टिकर लावले होते, दोन महिन्यांत काढून टाकले, तोपर्यंत पाठ झालं होतं.

बॅटरीच्या आकड्यांना भुलू नका, मिरवणुकीसारखे दिवे लावून ठेवलेत तर कुठलीही बॅटरी लवकर बसते आणि दिवे बंद ठेवले की तीच कितीतरी जास्त चालते. मी दिवे बंदच ठेवते.

घ्यायच्या आधी जमलं तर बोटं लावून बघा. मुंबईत असाल तर ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडला चक्कर मारा, सगळी मॉडेल मिळतील असं नाही पण रेड आणि ब्राऊनमधला फरक दोन मिनिटांत कळतो, तो व्हिडिओत ऐकून नाही कळत. परदेशातून थेट मागवत असाल तर ड्युटी धरून हिशोब करा आणि वॉरंटी इथे चालते का ते आधीच लेखी विचारा.

आणि हातात आल्या दिवशीच, रिटर्नची मुदत असतानाच, नोटपॅड उघडून एकेक की सावकाश वीसदा दाबा, वीसची एकवीस झाली तर ती की डबल मारतेय. मग इनस्क्रिप्ट चालू करून 'वाऱ्यावर' दहा वेळा लिहा, त्यात शिफ्ट धरून जे, मग डी, मग स्लॅश असं येतं, कोपऱ्यातल्या कीज आणि शिफ्ट दोन्ही तपासून होतात. विन आणि स्पेसने भाषा बदलत नसेल तर घाबरू नका, बाजूला किंवा मागे मॅक-विंडोजचं छोटं बटण असतं, ते कारखान्यातून मॅकवर राहिलेलं असतं. हे सगळं होईपर्यंत खोकं फेकू नका.