फिट आली, एवढंच सांगू नका

माझी मुलगी दुसरीत असताना पाढे म्हणता म्हणता थांबायची. "सात त्रिक एकवीस, सात चोक..." आणि गप्प. नजर एका जागी, पापण्या बारीक फडफडायच्या. आठ-दहा सेकंदांनी "अठ्ठावीस" म्हणून पुढे चालू. मी स्वतः तासगाव तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, तरी लक्ष नाही म्हणून तिलाच रागवत राहिले. त्या फिट होत्या. दिवसातून पंधरा-वीस वेळा यायच्या.

पहिल्या डॉक्टरांना आम्ही नुसतं "फिट येते" एवढंच सांगितलं. त्यांनी कार्बामाझेपिन दिलं आणि मुलीचं थांबणं आणखी वाढलं. हे औषध एका प्रकारच्या फिटवर चांगलं चालतं, पण अशा 'हरवण्याच्या' फिट त्याने वाढू शकतात. पुढे मिरजेत डॉक्टरांनी तिला भिरभिरं फुंकायला दिलं. जोरजोरात फुंकताना दोन मिनिटांत ती त्यांच्यासमोरच थांबली. ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विजेच्या लहरींचा आलेख काढला, औषध बदललं. या प्रकाराला अ‍ॅब्सेन्स म्हणतात.

म्हणून सांगते, फिट कशी सुरू झाली ते बघा. मेंदूच्या एका भागातून सुरू झाली तर ती फोकल आणि दोन्ही बाजूंनी एकदम सुरू झाली तर जनरलाइज्ड. उपचार बराचसा यावर ठरतो.

माझ्या दिरांची फिट उजव्या अंगठ्यातून सुरू व्हायची. अंगठा, मग हात, मग तोंडाची उजवी बाजू उडायची आणि ते शुद्धीत राहून "वहिनी, आलं बघा" म्हणायचे. कधी ती सगळ्या अंगात पसरायची. आम्ही पसरल्यानंतरचंच सांगत होतो, अंगठ्याचं कुणी बोललंच नव्हतं. स्कॅनमध्ये मेंदूच्या डाव्या बाजूला, म्हणजे उजवं अंग चालवणाऱ्या बाजूला, फीतकृमीच्या अळीची गाठ निघाली. ही डुकराच्या मांसातून येणारी कृमी. घरात कुणी ते खात नाही, पण तिची अंडी न धुतलेल्या भाजीतून, दूषित पाण्यातून पोटात जातात.

फोकलमध्ये शुद्ध हरपतेच असं नाही, आणि हरपली तरी माणूस पडेलच असंही नाही. आमच्या गल्लीतल्या एक काकू मिनिट-दोन मिनिटं तोंड चघळल्यासारखं करायच्या, पदर चाळवायच्या, हाक मारली तर ओ द्यायच्या नाहीत. लोक म्हणायचे, अंगात येतं. ओटीपोटातून काहीतरी वर चढतंय असं त्यांना आधी वाटायचं. तेच फिटचं पहिलं लक्षण होतं.

सकाळी उठल्या उठल्या हात झटकन उडून चहाचा कप पडत असेल, तर पोर धसमुसळं आहे म्हणून सोडू नका. ती मायोक्लोनिक असू शकते. वयात येणाऱ्या मुलांत दिसते आणि परीक्षेच्या जागरणाने वाढते. आणखी एका प्रकारात अंगातला जोर एकदम जातो आणि मूल कोसळतं. त्यात डोक्याला फार लागतं.

सगळ्यांना माहीत असते ती मोठी फिट: आधी अंग ताठ, कधी किंकाळी, मग झटके, तोंडाला फेस, कधी लघवी, नंतर घोरत झोप. तेव्हा कांदा, चप्पल, किल्ल्या काही हुंगवू नका, हातात देऊ नका. दातांत चमचा घालू नका. हातपाय दाबून धरू नका. डोक्याखाली मऊ काहीतरी ठेवा, झटके थांबले की कुशीवर वळवा, पूर्ण शुद्ध येईपर्यंत पाणी पाजू नका. घड्याळ बघा. पाच मिनिटांत थांबली नाही, किंवा शुद्धीवर न येताच दुसरी आली, तर 108 ला फोन करा. पहिल्यांदाच आली असेल, पाण्यात आली असेल किंवा बाई गरोदर असेल, तर पाच मिनिटांचीही वाट बघू नका.

जमलं तर एकाने मोबाईलवर व्हिडिओ काढावा, चेहरा आणि दोन्ही हात दिसतील असा. पेशंटला काही आठवत नसतं आणि दवाखान्यात जाईपर्यंत तो ठणठणीत झालेला असतो. मी दोनशे पानी वही केली आहे. तारीख, वेळ, सुरुवात कुठून, डोळे-मान कुठल्या बाजूला, हाकेला ओ दिली का, किती सेकंद, आदल्या रात्री झोप किती, गोळी चुकली होती का. आणि फिट थांबल्या म्हणून गोळी मनाने बंद करायची नाही, हे वहीच्या पुठ्ठ्यावर लाल पेनने लिहिलंय.