सूक्ष्मस्वरांची पहिली सुरावट: आधी कानानं पारखा, मग कीबोर्डवर चढवा

सूक्ष्मस्वरांच्या, म्हणजे नेहमीच्या बारा स्वरांच्या अधल्यामधल्या स्वरांच्या, नादाला लागलेला माणूस सहसा पहिल्याच दिवशी एक चूक करतो. स्काला या सुरावटी बनवणाऱ्या प्रोग्रामबरोबर मिळणारा पाच हजारांहून जास्त सुरावटींचा (सुरावट म्हणजे इथे चाल नव्हे, सप्तकात कोणता स्वर किती अंतरावर ते ठरवणारी मांडणी) साठा उतरवून घेतो, त्यातल्या वीसेक एकापाठोपाठ एक वाजवून बघतो आणि सगळ्याच बेसूर वाटल्या म्हणून संगणक बंद करतो. दोष सुरावटींचा नसतो. बारा सारख्या भागांच्या सप्तकात कान इतका मुरलेला असतो की वेगळं काय झालं हे त्याला ओळखूच येत नाही. म्हणून फाइलींना हात लावण्याआधी अर्धा तास दोनच स्वरांवर घालवावा.

मोजमाप सेंटमध्ये करतात. एका सप्तकाचे १२०० सेंट. नेहमीच्या कीबोर्डवर शेजारच्या दोन पट्ट्यांत (काळ्या-पांढऱ्या सगळ्या धरून) १०० सेंटचं अंतर असतं, त्यामुळे शुद्ध गंधार ४०० सेंटवर येतो. तानपुऱ्याच्या खर्जातून आपोआप ऐकू येणारा गंधार मात्र ३८६ सेंटवर असतो, कारण तो तारेचा पाचवा हार्मोनिक, म्हणजे मूळ कंपनसंख्येच्या पाचपट वाजणारा उपस्वर; दोन सप्तकं खाली आणला की ५/४ हे गुणोत्तर. हा १४ सेंटचा फरक कानानं पकडता आला की पुढची वाट सोपी होते.

कोणताही सिंथ (संगणकावरचा सिंथेसायझर) चालेल. सर्ज एक्सटी फुकट मिळतो आणि पुढेही उपयोगी पडतो. त्यात साधी सॉटूथ लहर निवडा. युनिसन एकच आवाजाचा ठेवा. कोरस, रिव्हर्ब, व्हायब्रॅटो बंद करा, फिल्टर पूर्ण उघडा. साइन लहर घेऊ नका. तिच्यात वरचे हार्मोनिक नसतात आणि आपल्याला ऐकायचं आहे ते तिथेच. आता रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन ट्रॅक करा. पहिल्यावर मिडी स्वर ५७ (मिडी या पद्धतीत प्रत्येक पट्टीला ० ते १२७ मधला आकडा असतो), म्हणजे २२० हर्ट्झ, सतत धरून ठेवा. दुसऱ्यावर तोच आवाज, स्वर ६१. हा २७७.१८ हर्ट्झवर वाजतो. खालच्या स्वराचा पाचवा हार्मोनिक ११०० वर, वरच्याचा चौथा ११०८.७ वर, दोघांची टक्कर होते आणि आवाज सेकंदाला जवळजवळ नऊ वेळा थरथरतो. हेच विस्पंद. आता दुसऱ्या ट्रॅकचं फाइन ट्यून शून्यापासून हळूहळू उणे १४ सेंटपर्यंत उतरवा. थरथर मंदावत जाते, शेवटी पाच सेकंदांत एखादीच लाट उरते आणि दोन स्वर एकमेकांत मिसळून बसतात. परत शून्यावर न्या. आयुष्यभर ऐकलेला गंधार किती करकरतो ते आता कळेल.

याच पद्धतीनं आणखी दोन स्वर ऐका. स्वर ६७ घेऊन ३१ सेंट उतरवला की सातवा हार्मोनिक मिळतो (७/४, ९६९ सेंट), ओळखीच्या कोमल निषादापेक्षा बराच खाली आणि विलक्षण शांत. स्वर ६३ घेऊन ४९ सेंट उतरवला की अकरावा मिळतो (११/८, ५५१ सेंट). हा शुद्ध मध्यम आणि तीव्र मध्यम यांच्या अगदी मधोमध असतो आणि पहिले काही दिवस खटकतो. खटकू द्या.

कोणती सुरावट घ्यावी

आता सुरावट निवडायची. शुद्ध गुणोत्तरांची (५/४, ३/२ अशी) घ्यावी की सप्तकाचे सारखे भाग करणारी? शुद्ध गुणोत्तरं ऐकल्यावर वाटतं, हेच सगळीकडे लावून टाकू. अडचण इथे येते: सा १/१, रे ९/८, ग ५/४, म ४/३, प ३/२, ध ५/३, नि १५/८ असं सप्तक घ्या आणि रे-ध ही जोडी वाजवा. अंतर निघतं ४०/२७, म्हणजे ६८० सेंट. शुद्ध पंचमाचं अंतर ७०२ सेंटचं. २२ सेंट कमी पडले आणि जोडी चक्क रडते. रे १०/९ केला तर ध बरोबर जुळतो, पण रे-प बिघडतं. ही गळती कुठून तरी बाहेर पडणारच. तिला ८१/८० चा कॉमा म्हणतात. एकच षड्ज धरून धून वाजवायची असेल तर गळती आडवी येत नाही, शुद्ध गुणोत्तरं बिनधास्त वापरा. कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वर) बदलत जायचे असतील तर सारख्या भागांकडे वळावं लागतं.

त्यातही पहिल्यांदा कोणी काय घ्यावं याबद्दल आमचं मत ठाम आहे: ३१ भाग. एक पायरी ३८.७ सेंटची. गंधार दहाव्या पायरीवर, ३८७.१ सेंट, म्हणजे ५/४ च्या गंधाराला एका सेंटच्याही आत. सातवा हार्मोनिक पंचविसाव्या पायरीवर ९६७.७. पंचम मात्र ५ सेंट उतरलेला असतो. ती किंमत मोजावी लागते. अठराव्या पायरीवरचा हा पंचम गंधार गोड करण्यासाठीच आखडलेला आहे.

१९ भागांत पट्ट्या कमी लागतात आणि कोमल गंधार जवळजवळ अचूक येतो, पण शुद्ध गंधार ५/४ पेक्षा ७ सेंट उतरतो. पाश्चात्त्य स्वरलेखनाची सवय असलेल्याला हे बरं पडतं, कारण तिथला शार्प आणि फ्लॅट इथे खरोखर वेगवेगळे स्वर होतात. २४ भाग म्हणजे पाव स्वर. अकरावा हार्मोनिक छान मिळतो, गंधार तसाच करकरीत राहतो. ५३ मध्ये पंचम आणि गंधार दोन्ही नेमके बसतात, तरी सुरुवातीला त्याच्या वाटेला जाऊ नये. पायऱ्या मोजण्यातच जीव जातो.

आणि २२. आकडा बघून मराठी वाचकाला लगेच भरताच्या श्रुती आठवतात, पण २२ सारखे भाग म्हणजे २२ श्रुती नव्हेत. श्रुती सारख्या अंतराच्या होत्या का, यावर अभ्यासकांचे वाद आहेत. सारख्या भागांतला पंचम ७०९ सेंटवर जातो, २२० हर्ट्झच्या षड्जाशी सेकंदाला पावणेतीन वेळा थरथरतो, आणि तानपुऱ्यासमोर ते लपत नाही. २२ ची स्वतःची मजा वेगळी आहे. रागांसाठी म्हणून ती घेऊ नये, एवढंच.

फाइल लिहिणं

सुरावटीची एससीएल फाइल ही साधी मजकूर फाइल असते, नोटपॅडमध्ये लिहिता येते. उद्गारचिन्हानं सुरू होणाऱ्या ओळी टिपणाच्या, त्या वाचल्या जात नाहीत. उरलेल्यांपैकी पहिली ओळ वर्णनाची, दुसरी स्वरसंख्येची, त्यानंतर प्रत्येक ओळीत एक स्वर. षड्ज लिहायचा नसतो, तो गृहीत असतो. शेवटची ओळ तार षड्जाची. बारा पट्ट्यांवर बसणारी शुद्ध सुरावट अशी:

! शुद्ध१२
बारा पट्ट्यांची शुद्ध सुरावट
१२
१६/१५
९/८
६/५
५/४
४/३
४५/३२
३/२
८/५
५/३
९/५
१५/८
२/१

फाइलमध्ये आकडे इंग्रजी अंकांत टाइप करा, वर्णनही रोमन लिपीतच ठेवलेलं बरं. सगळ्यात जास्त फसवणारी गोष्ट म्हणजे बिंदू. ज्या ओळीत दशांशचिन्ह असतं ती सेंट म्हणून वाचली जाते, नसतं ती गुणोत्तर म्हणून. ७०० सेंटचा पंचम लिहिताना नुसतं ७०० लिहिलं तर प्रोग्राम ते ७००/१ समजतो आणि स्वर नऊ सप्तकं वर उडून ऐकूच येईनासा होतो. ७००.० लिहा. दुसरी नेहमीची चूक: विंडोज फाइलच्या नावाला गुपचूप टीएक्सटी जोडतं आणि सिंथला फाइल दिसत नाही. हातानं लिहायचा कंटाळा असेल तर ब्राउझरमध्ये चालणारं स्केल वर्कशॉप भागांचा आकडा दिला की फाइल तयार करून देतं.

नुसती एससीएल चढवली तर स्वर पट्ट्यांवर ओळीनं मांडले जातात. ३१ भागांत षड्जापासून तार षड्जापर्यंत ३१ पट्ट्या लागतात. ६१ पट्ट्यांच्या कीबोर्डवर दोन सप्तकंसुद्धा मावत नाहीत, आणि मिडीचे सगळे १२८ स्वर वापरले तरी सव्वाचारच्या आत. लुमाटोनसारखे २८० षटकोनी पट्ट्यांचे कीबोर्ड यासाठीच बनले. ते नसेल तर केबीएम फाइल (कोणत्या पट्टीवर कोणती पायरी ते सांगणारा नकाशा) वापरून ३१ मधले बाराच स्वर उचला. तिच्यात क्रमानं जातात: नकाशातल्या पट्ट्यांची संख्या १२, पहिला मिडी स्वर ०, शेवटचा १२७, नकाशा जिथून सुरू होतो तो स्वर ६०, संदर्भस्वर, त्याची कंपनसंख्या, सप्तकाच्या पायऱ्या ३१, आणि मग बारा ओळींत पायऱ्या: ०, २, ५, ८, १०, १३, १५, १८, २०, २३, २६, २८.

संदर्भस्वरात बरेच जण अडकतात. सवयीनं ६९ आणि ४४० टाकलं, नकाशा न देता १९ भागांची सुरावट ओळीनं मांडली, तर स्वर ६९ हा ६० पासून नऊ छोट्या पायऱ्यांवरच येतो. मग ६० क्रमांकाचा षड्ज २६१.६ ऐवजी ३१६.९ हर्ट्झवर जाऊन बसतो आणि दुसऱ्या ट्रॅकशी काही केल्या जुळत नाही. संदर्भस्वर ६० आणि कंपनसंख्या २६१.६२५६ दिली की षड्ज जागेवर राहतो. एकाच गाण्यात तीन-चार सिंथ असतील तर सगळ्यांना हीच जोडी द्या, किंवा एमटीएस-ईएसपी हे सॉफ्टवेअर वापरून एका ठिकाणाहून सगळ्यांना सुरावट पुरवा.

बारा स्वर उचलले की एक जोडी बिघडलेली उरतेच. वरच्या नकाशात पट्टी ६८ (पायरी २०) आणि तिच्या वरची ७५ (वरच्या सप्तकातली पायरी ८) यांत १९ पायऱ्या, ७३५ सेंट येतात. हा पंचम नव्हे, किंकाळी आहे. तिथे कॉर्ड बांधू नका.

सिंथ सुरावटीच्या फाइली घेतच नसेल तर पिच बेंड, म्हणजे स्वर थोडा वर-खाली सरकवणारा मिडी संदेश, उरतो. त्याचे १६३८४ आकडे, मध्य ८१९२. बेंडची मर्यादा दोन्ही बाजूंना २०० सेंट असेल तर ५० सेंट चढवायला १०२४०, आणि गंधार १३.७ सेंट उतरवायला ७६३१. सिंथमध्ये मर्यादा १२ सेमीटोन (एक सेमीटोन १०० सेंटचा) ठेवलेली असेल तर याच आकड्यांनी स्वर सहापट हलतो. विचित्र काही ऐकू आलं की आधी तेच तपासा. बेंड एका मिडी चॅनेलवरच्या सगळ्या स्वरांना एकदम लागतो, म्हणून कॉर्डमधला प्रत्येक स्वर वेगळ्या चॅनेलवर पाठवावा लागतो. एमपीई (प्रत्येक स्वर वेगळ्या चॅनेलवर पाठवणारी मिडीची पद्धत) चालणाऱ्या सिंथमध्ये ही सोय असते, पण तिथे मर्यादा बहुधा ४८ सेमीटोन असते आणि तेच ५० सेंट मध्यापासून फक्त ८५ आकड्यांवर येतात.

सगळं चढल्यावर पहिला सराव: वरच्या नकाशात २६ च्या जागी २५ लिहा आणि ०, १०, १८, २५ या पायऱ्या एकत्र धरा. ४:५:६:७ हा कॉर्ड इतका स्थिर येतो की एकच जाड आवाज ऐकल्यासारखं वाटतं. मग १० च्या जागी ९ लिहून फाइल पुन्हा चढवा. गंधार ३४८ सेंटवर येईल, कोमलही नाही, शुद्धही नाही. दोन्ही फाइली वेगळ्या नावांनी ठेवा आणि चाल लिहिताना स्वरांच्या नावांऐवजी पायऱ्यांचे आकडे लिहा. पियानो रोलवरची नावं इथून पुढे खोटी असतात.