इंग्रजी शब्दाचा अर्थ अडला की आधी त्याचा उलटा शब्द शोधा

डिक्शनरीत ‘लाइट’ उघडला की अर्थांची रांगच लागते. पोरं त्यातला पहिला उचलतात आणि बियाण्याच्या पाकिटावरच्या ‘लाइट सॉईल’चा अर्थ ‘उजेडाची जमीन’ सांगून मोकळी होतात.

यावर सोपा उपाय आहे.

१. अडलेला शब्द एकटा वाचू नका, पुढचा शब्द जोडून वाचा.

२. त्या जोडीत ‘लाइट’च्या उलट काय बसेल ते बघा. सॉईलपुढं ‘हेवी’ बसतो. भारी जमीन कोणती, हे कापूस-तूर पेरणाऱ्या घरातल्या पोराला सांगावं लागत नाही. म्हणजे ही हलकी, बरड. ‘लाइट ग्रीन’मध्ये उलट ‘डार्क’, म्हणून इथं फिका.

३. समानार्थी शब्द सगळ्यात शेवटी निवडा. फिक्या रंगाला ‘पेल’ चालतो, पण ‘पेल सॉईल’ म्हटलं तर रंग कळतो, पोत नाही. परीक्षेत मार्क जातात ते बहुतेक इथंच.

‘हार्ड’लाही हेच लावा. ‘हार्ड पेपर’च्या उलट ‘ईझी’, तर ‘हार्ड वॉटर’च्या उलट ‘सॉफ्ट’. ज्या बोअरच्या पाण्यात साबणाला फेस येत नाही, ते हे जड पाणी. अवघड पाणी नव्हे. ‘शॉर्ट’च्या उलट माणूस असेल तर ‘टॉल’, दोरी असेल तर ‘लाँग’.

एक सांभाळा: ही युक्ती विशेषणापुरतीच. ‘लाइट द लॅम्प’मध्ये लाइट क्रियापद आहे, दिवा लाव असा अर्थ, तिथं ‘हेवी-डार्क’ करत बसू नका. आणि ‘लाइट गेली’ हा तर आपला गावठी वापर, तो इंग्रजीच्या पेपरात नको.