ध्रुवीय आयनांबरातील प्लाझ्मा तरंग: खान्देशातून या विषयाकडे येणाऱ्यांसाठी

यावल-चोपड्याच्या महाविद्यालयातून बी.एस्सी. आणि जळगावच्या विद्यापीठातून एम.एस्सी. केलेले विद्यार्थी मला वारंवार विचारतात, की ध्रुवीय प्रकाश जिथून कधी दिसत नाही अशा २१ अंश अक्षांशावरच्या माणसाने ध्रुवीय आयनांबराचा, म्हणजे ध्रुवाजवळच्या वातावरणातील वरच्या विद्युतभारित थरांचा, अभ्यास करावा तरी कसा. त्यांची धास्ती मला समजते, कारण मीही त्याच वाटेने आले आणि ती धास्ती अजून पुरती गेलेली नाही. तरीही उत्तर सरळ आहे: हा अभ्यास करता येतो. सुपरडार्न रडारजाळ्याची आणि उत्तर स्कँडिनेव्हियातील आयस्कॅट रडारची बरीच निरीक्षणे संशोधकांना खुली आहेत. नवी मुंबईत पनवेलला भारतीय भूचुंबकत्व संस्था आहे, तर अंटार्क्टिकात मैत्री व भारती आणि स्वालबार्डमध्ये २००८ पासून हिमाद्री ही आपली स्थानके आहेत. अडचण निरीक्षणे मिळवण्याची नाही, त्यांचा अर्थ लावण्याची आहे.

मी ज्यात सर्वाधिक काळ अडकून पडले, तो सापळा येथे सविस्तर सांगते: रडारवर दिसणारा वेग आणि प्लाझ्माचा, म्हणजे आयन-इलेक्ट्रॉनांच्या मिश्रणाचा, वेग एकच मानण्याचा.

साधारण ९५ ते ११५ किलोमीटर उंचीवर, म्हणजे ई थरात, इलेक्ट्रॉन विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रांच्या संयुक्त प्रभावाने वाहत राहतात. आयन मात्र उदासीन वायूच्या कणांशी सतत टकरा होत असल्यामुळे जवळजवळ जागीच राहतात. या दोहोंमधला सापेक्ष वेग आयन-ध्वनीच्या (प्लाझ्मातील ध्वनीसारख्या तरंगाच्या) वेगाहून, म्हणजे सुमारे ३५० ते ४०० मीटर प्रतिसेकंदाहून, अधिक झाला की फार्ली-बुनेमन अस्थिरता सुरू होते, म्हणजे प्लाझ्मात तरंग आपोआप उपजून वाढू लागतात. ध्रुवीय भागात त्यासाठी साधारण २० मिलिव्होल्ट प्रति मीटर एवढे विद्युतक्षेत्र पुरते. फार्ली आणि बुनेमन यांनी हे स्वतंत्रपणे १९६३ मध्ये मांडले, आणि थुंब्याहून पहिले रॉकेट उडाले तेही त्याच वर्षी.

रेषीय सिद्धांतातून तरंगाचा कलावेग (त्याचे शिखर पुढे सरकण्याचा वेग) काढला, तर तो इलेक्ट्रॉनांच्या वेगाच्या त्या दिशेतील घटकाला एकाहून थोड्या मोठ्या संख्येने भागून मिळतो. हे सूत्र इतके सुबक आहे की रडारवर दिसणारा डॉप्लर वेग (परतलेल्या लहरीच्या वारंवारतेतील बदलावरून काढलेला वेग) म्हणजेच प्लाझ्माचा प्रवाहवेग, असे मन धरून बसते. येथेच घात होतो. रेषीय सिद्धांत तरंगाच्या जन्माविषयी बोलतो, रडार मात्र पूर्ण वाढलेला तरंग पाहते, आणि तोही स्वतःच्या तरंगलांबीच्या निम्म्या लांबीचाच. १४० मेगाहर्ट्झच्या रडारला ई थरातील सुमारे एक मीटर लांबीचेच तरंग दिसतात. वाढलेल्या तरंगाचा वेग आयन-ध्वनीच्या वेगाच्या आसपास येऊन थांबतो, मग प्रवाह कितीही जोरात वाहत असो. तापीला पूर आला असता पृष्ठावरच्या लाटांच्या वेगावरून पाण्याच्या ओघाचा वेग ठरवावा, तशातला हा प्रकार आहे.

चुकीची किंमत किती मोठी असते ते आकड्यांत पाहा. खरे विद्युतक्षेत्र ६० मिलिव्होल्ट प्रति मीटर असेल तर इलेक्ट्रॉन सुमारे १२०० मीटर प्रतिसेकंद वेगाने वाहतात. रडारवर ५०० दिसले आणि तोच प्रवाहवेग मानला, तर क्षेत्र २५ निघते. ज्यूल उष्णता (विद्युतप्रवाहामुळे वातावरणात निर्माण होणारी उष्णता) क्षेत्राच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने ती जवळजवळ पावणेसहापट कमी येते, आणि पुढचा सगळा प्रबंध त्या चुकीच्या आकड्यावर उभा राहतो. शिवाय ४०० ही मर्यादाही अचल नाही, कारण हेच तरंग इलेक्ट्रॉनांना तापवतात आणि त्यामुळे आयन-ध्वनीचा वेग स्वतःच वाढतो. श्लेगेल आणि सेंट-मॉरिस यांनी १९८१ मध्ये ध्रुवीय ई थरातील ही तापवाढ निरीक्षणांवरून दाखवली.

ई थराच्या वरच्या एफ थरात मात्र परिस्थिती वेगळी असते. तेथील सुमारे दहा मीटर लांबीच्या घनतेतील अनियमितता, ज्यांत घनतेच्या उतारातून उपजणाऱ्या प्रवणता-वहन अस्थिरतेचा वाटा मोठा आहे, प्लाझ्माबरोबरच वाहतात, म्हणून सुपरडार्नचा एफ थरातील वेग प्रवाहवेग म्हणून वापरणे योग्य ठरते. परंतु त्याच नोंदीत जवळच्या पल्ल्यातले ई थराचे प्रतिध्वनीही मिसळलेले असतात, आणि तयार पायथन प्रणाली दोन्ही एकाच रंगात रंगवून देते. अशा प्रणाली मला सुरुवातीच्या वर्षात अजिबात मान्य नाहीत. तरंगाची वारंवारता आणि लांबी यांचा संबंध सांगणारे अपस्करण-समीकरण ज्याने एकदाही हाताने सोडवलेले नाही, त्याने आकृती काढण्याची घाई करू नये. हे कठोर वाटले तरी मी ते मागे घेणार नाही.

मार्गदर्शक निवडतानाही हेच पाहावे. आलेख समोर ठेवल्यावर ज्या सरांचा किंवा मॅडमचा पहिला प्रश्न "ही नोंद कोणत्या उंचीवरची?" असा असतो, त्यांच्याकडे जावे, मग त्यांचे नाव फारसे गाजलेले नसले तरी चालेल. इंग्रजी कच्चे आहे म्हणून मात्र कोणी मागे हटू नये. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांची गणिताची बैठक पक्की असेल, तर भाषा वर्षभरात अंगवळणी पडते.

सुरुवातीला १७ मार्च २०१५ च्या भूचुंबकीय वादळाच्या दिवसाची सुपरडार्नची नोंद घ्यावी. प्रत्येक वेगासमोर पल्ला आणि अंदाजे उंची लिहावी, ई थरातील नोंदी वेगळ्या काढाव्यात, आणि उरलेल्या वेगांवरूनच विद्युतक्षेत्र काढावे.